पाय टेकतस का?

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सहा फुटांचे. पपईच्या बागेत हात वर करून फळ तोडणारा माणूस. मी आईवर गेलो, असं ते लहानपणापासून चारचौघांत सांगत आले आणि मी लहानपणापासून त्यावर चिडत आलो.

आमचं गाव पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर दिसेल इतकं जवळ. आणि माझी नोकरी धडगावला, सरकारी दवाखान्यात. मी तिथे औषधाची खिडकी सांभाळतो. खिडकी नऊला उघडते. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं उजाडायच्या आत चालायला लागतात आणि साडेआठलाच खिडकीसमोर येऊन बसतात. खिडकी बंद दिसली तर ती भांडत नाहीत, नुसती बसून राहतात. ते मला भांडणापेक्षा जास्त लागतं.

बदली झाली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, तिथे खोली घे आणि रविवारी घरी ये. आधीचे सगळे तसंच करायचे. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि परतीची शेवटची जीप माझी खिडकी बंद व्हायच्या आधीच निघून जाते. पण मी अप-डाउन करायचं ठरवलं. घरी बायको, आबा, दोन म्हशी. रविवारचा पाहुणा व्हायची माझी तयारी नव्हती. जुन्या मोटरसायकलची रिंग घाटातल्या खड्ड्यांनी तीनदा वाकवली, तेव्हा मी ती विकली आणि एक ॲडव्हेंचर बाईक आणली. उंच, लांब पायांची, पुढे चोच असलेली.

ती घरी आली त्या संध्याकाळी अर्धी गल्ली जमली. "उंट लई उना रे भाऊ, उंट!" उंट आणला म्हणून कुणीतरी ओरडलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. आबा ओट्यावरून उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली. सीट त्यांच्या कमरेला लागत होती.

"गाडी चांगली शे," ते म्हणाले. मग माझ्या पायांकडे बघून, "पन तुन्हा पाय टेकतस का?"

गल्लीची हसून पुरेवाट झाली. माझा पारा चढला. मी टांग टाकून बसलो आणि दोन्ही पाय ताणले. बोटांची टोकं लागत होती, तीही एका वेळी एकाच बाजूची. मी गाडी चालू केली आणि गावाबाहेर जाऊन अंधार पडेपर्यंत परत आलो नाही.

दुर्दैव असं की आबांचं बरोबर होतं. चालती गाडी कितीही उंच असली तरी काही बिघडत नाही. खरी परीक्षा थांबताना असते. गळीत हंगाम सुरू होता. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रस्ताभर चिरडलेली पाचट. त्यात थांबायचं, पाय खाली सोडायचा, आणि जिथे जमीन असेल असं वाटलं तिथे ती चार बोटं आणखी खाली असायची. गाडी एका बाजूला कलली की तिला सावरता येत नाही. ती सावकाश, अगदी विचार करून पडल्यासारखी पडते, आणि आपण तिच्यासोबत. पहिल्याच महिन्यात मी तीनदा पडलो. तिन्ही वेळा गाडीवानांनी उचललं, आणि तिन्ही वेळा त्यांनी तोच प्रश्न विचारला.

शहाद्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत. चाचा म्हणतात सगळे. वेल्डिंगही करतात आणि गाड्याही, दोन्ही एकाच टपरीत. मी त्यांच्याकडे गेलो आणि गाडी खाली करायला सांगितली. मागच्या शॉकअपला धरणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्या थोड्या लांब केल्या की गाडी मागून बसते. पुढचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवायचे, सीटचा फोम तासायचा. सगळं माझ्या फोनवर पाहून झालं होतं.

चाचा गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "भाऊ, ही डोंगरनी गाडी शे," ते म्हणाले. "हिले बुटकी नको करू."

बुटकी हा शब्द त्यांनी गाडीसाठी वापरला होता. माझ्या नाकाला तरीही मिरच्या झोंबल्या. सल्ला द्यायचा असेल तर दुसऱ्याकडे जातो, असं मी म्हणालो. त्यांनी खांदे उडवले आणि पाना उचलला.

गाडी दोन इंचांहून जास्त खाली आली. मग लक्षात आलं की साइड स्टँड आता मोठा झालाय, गाडी त्यावर कलतच नाही, सरळ उभी राहून पलीकडे पडायला बघते. म्हणून चाचांकडूनच स्टँडचा तुकडा कापून घेतला. घाटात खालचा लोखंडी गार्ड दगडांना घासायला लागला, खर्र खर्र आवाज यायचा. दोन आठवडे मी कानाडोळा केला आणि मग गार्डच काढून टाकला. चाचांना विचारलंही नाही. आवाज बंद झाला म्हणजे दुखणं बंद झालं, असं मला वाटलं. दिवसभर लोकांना औषधं देऊन "कोर्स पुरा करा, बरं वाटलं म्हणून सोडू नका" असं बजावणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण झालं खरं.

त्या रविवारी मी अंगणात गाडीवर बसलो आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकवून आबांना हाक मारली. "देखा आबा, टेकतस!"

आबांनी पाहिलं. "हां," ते म्हणाले. "आते गाडी टेकाले नको, म्हंजे व्हयनं."

मी ते हसण्यावारी नेलं.

वैशाखात आबा बागेत पडले. बागेत राबणाऱ्या सालदाराने बैलगाडीत घालून आणलं. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. दोन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. दिवाळीपर्यंत रोज उभं करा, रोज चालवा, एकही दिवस चुकवू नका. आत्ता पाय कामाला लागला तर लागला. नाही लागला तर मग फार आशा धरू नका. सहा फुटांचा माणूस परत चालणार की खाटेवर राहणार, याचा निकाल दिवाळीपर्यंत लागायचा होता आणि तो रोजच्या संध्याकाळवर ठरायचा होता.

संध्याकाळच का, तर मी घरी तेव्हाच असायचो. आणि मीच का, तर बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला आबा तयार नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली पडू देत नाही, सासरा सुनेला नावाने हाक मारत नाही. तिच्या अंगावर भार टाकायचा म्हटलं की आबा डोळे मिटून घ्यायचे. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी डाव्या हाताने तिला दूर केलं. तेव्हा ठरलं, सहा वाजता मी पोचणार, हातपाय धुणार, आबांना उठवून अंगणात चालवणार. त्यांचा हात माझ्या खांद्यावर बरोबर बसायचा. माझी उंची एवढ्या एका कामाला उपयोगी पडली.

त्या दिवसापासून गाडीच्या एकेका नटाचा अर्थ माझ्यासाठी बदलला. आधी गाडी ही माझी हौस होती. आता ती बंद पडली तर आबांची एक संध्याकाळ जाणार होती. मी पहाटे उठून तिला बघायचो. चेन डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासायची, पुसायची, तेल द्यायचं. चाकाच्या तारांवर पान्याने टकटक करत जायचं. जी तार बाकीच्यांपेक्षा बद्द वाजेल ती सैल. एअर फिल्टर झटकला की घाटातली लाल धूळ अंगणभर. घाट उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही, खालचा गिअर टाकून इंजिनवर उतरायचं, म्हणजे ब्रेकचे पॅड टिकतात. पिशवीत पंक्चरचा डबा, हातपंप, क्लचची जादा केबल. शेजारी म्हणायचे, म्हशींपेक्षा उंटाची सेवा जास्त चाललीय. चालली होती, खरंच.

आबांचीही काळजी मी माझ्या पद्धतीने घेतली. त्यांचा लोखंडी पलंग उंच होता, झोपेत पडले तर काय, म्हणून तो माळ्यावर टाकला आणि बुटकी बाज आणली. जमिनीपासून वीतभर. आता पडले तरी लागणार नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. त्या बाजेवरून त्यांना उठवताना मात्र माझी कंबर धरायची आणि ते दर वेळी घामाघूम व्हायचे. आजारच तसा आहे, असं मी धरून चाललो.

श्रावणातल्या एका दुपारी पाऊस धो धो कोसळला आणि मी निघालो तेव्हा थांबला. घाट अर्धा उतरल्यावर एका वळणावर फरशी पूल आहे. त्यावरून वीतभर पाणी जात होतं, रोज जातं तसं. मी पहिल्या गिअरमध्ये पाण्यात शिरलो. मधोमध खालून एकच ठोका बसला. पाण्याने वरून आणलेला दगड. गाडी पार झाली, मी सुटकेचा श्वास टाकला, आणि दोन वळणं गेल्यावर तेलाचा दिवा लागला. उतरून बघितलं तर इंजिनच्या पोटातून काळं तेल ठिबकत नव्हतं, वाहत होतं. गार्ड असता तर दगड गार्डला लागला असता. गाडी दोन इंच उंच असती तर दगड कशालाच लागला नसता. तिथे रस्त्याच्या कडेला उभा राहून मी स्वतःला मोठ्याने शिव्या दिल्या. ऐकायला फक्त एक बकरी होती.

फोनला रेंज नव्हती. काळीपिवळी केव्हाच गेली होती, खाली जाणारी दुधाची जीप मिळायला तास गेला. खाली उतरल्यावर फोन वाजला, बायकोचा.

"तुम्ही कोठे शेतस?" ती म्हणाली. "आबा पडनात."

सहा वाजले, साडेसहा वाजले, आणि आबांनी वाट बघून बघून स्वतःच उठायचा प्रयत्न केला होता. बुटक्या बाजेवरून अर्धवट उठून ते पुढे तोंडावर पडले. मी पोचलो तेव्हा ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कपाळाला टेंगूळ, बाकी काही मोडलं नव्हतं. बायको दाराशी उभी होती. "मीच उचलं तेस्ले," ती हळूच म्हणाली, आणि मग रडली. तिचा पदर डोक्यावर नव्हता.

त्यानंतर आठवडाभर आबा उठले नाहीत. मी खांदा पुढे केला की ते मान हलवायचे. एव्हाना त्यांना चार-दोन शब्द जड जिभेने म्हणता येत होते. त्यातला एक मला रोज ऐकावा लागला. "ऱ्हाऊ दे." आयुष्यात कशापुढे हात न टेकलेल्या माणसाने हात टेकले होते. मला आबांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि स्वतःचा राग काही जाईना.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी भल्या मनाने सुचवलं, इथलं क्वार्टर घ्या, वडिलांनाही घेऊन या. नातेवाइकांनी सांगितलं, बदली माग, उंट विक. पण आबा घर आणि बाग सोडून येणार नव्हते. धडगाव सोडायचं नाही आणि संध्याकाळही सोडायची नाही, एवढं माझं ठरलं होतं. गाडी टेम्पोत घालून मी चाचांच्या टपरीवर गेलो. इंजिनचं फुटलेलं पोट वेल्डिंग करायचं होतं, ते झालं. मग मी म्हणालो, "चाचा, गाडी परत उंच करा. होती तेवढी."

चाचांनी मागे वळून फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात जुन्या नटबोल्टांच्या खाली माझ्या मूळच्या दोन पट्ट्या होत्या आणि स्टँडचा कापलेला तुकडा होता.

"माले माहीत व्हतं, तू परत येशी," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांनी तो तुकडा त्याच स्टँडला परत जोडला. जोड अजून दिसतो.

सीटला नवा फोम घातला. गार्ड बसवला, मूळचा नाही, त्यांनी स्वतः कापलेल्या जाड पत्र्याचा. मागे पाइपचं मजबूत कॅरियर केलं. आणि मग टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत मला गाडीवर बसवून म्हणाले, "दोन्ही पाय कशाले टेकाडस? एक टेकाड. दुसरा ब्रेकवर ठेव."

इतकंच होतं. थांबायच्या आधी थांबायची जागा बघून ठेवायची. डावीकडे सीटवरून थोडं सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. दोन्ही पाय खाली सोडले की ब्रेक सुटतो आणि चढावर गाडी मागे जाते. आधी मी बोटांच्या टोकांवर तोल धरला, मग गाडीच खाली केली, आणि गल्लीला उत्तर द्यायच्या नादात मला कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. चाचांनी मला तासभर थांबवलं आणि चालवलं, चाळीसेक वेळा तरी. चौकातली माणसं बघत होती. बघू दिली.

पुढच्या सोमवारी मी घाट चढलो. खराब रस्ता आला की फूटरेस्टवर उभं राहून चालवायचं असतं, म्हणजे धक्के गुडघे घेतात. खाली केलेल्या गाडीवर मी ते टाळायचो. तासलेल्या सीटवर गुडघे दुमडलेले असायचे, उठायचं म्हणजे उठाबशी. आता सीट उंच होती. नुसता पुढे झुकलो आणि उभा राहिलो. कंबरेला कळलंही नाही. दुसऱ्या खड्ड्यांच्या पट्ट्यात पुन्हा उभा राहिलो, आणि एकदम माझ्या डोळ्यांसमोर आबांची बाज आली. मी गाडी बाजूला घेतली. डावा पाय टेकवला. मी माझ्या बापाला रोज जमिनीतून उपटून काढत होतो.

धडगावला पोचल्यावर शहाद्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, बसायची जागा गुडघ्यांच्या वर हवी. त्यांची उंची किती? मग बाजेवर कशाला बसवलंत?"

त्या संध्याकाळी लोखंडी पलंग माळ्यावरून खाली आला. त्याच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा, एका कडेला पडू नये म्हणून पाइपचा कठडा. बायकोने आणि मी आबांना त्यावर बसवलं. त्यांचे पाय लांब, दोन्ही तळवे फरशीवर सपाट बसले. "ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "नही ऱ्हाऊ देत," मी म्हणालो, चांगला खेकसलोच. खांदा पुढे केला. त्यांनी फक्त डोकं पुढे आणलं आणि ते उभे होते. मी ओढलंच नव्हतं. त्यांनी आश्चर्याने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

मग एकही संध्याकाळ चुकली नाही. मागचा टायर घाटात बसला तेव्हा मी वीस मिनिटांत पंक्चर काढून साडेसहाला पोचलो. दरड आली तेव्हा लोकांबरोबर दगड बाजूला केले, गाडी ढकलत काढली. क्लचची केबल तुटली ती पिशवीतली टाकली. माझ्याआधी दिवसा बायको त्यांना दोनदा उठवू लागली. पडले त्या दिवसानंतर आबांनी तिचा हात कधी नाकारला नाही. उजवा पाय अंगणातून रेघ ओढत यायचा. ती रेघ रोज थोडी तुटक होत गेली.

दिवाळीला चार दिवस होते. कारखान्याच्या रस्त्याला पुन्हा पाचट पडायला लागली होती. मी सहाला अंगणात शिरलो, डावा पाय टेकवला, इंजिन बंद केलं. उतरणार तेवढ्यात ओट्यावर हालचाल दिसली. आबा काठी घेऊन उभे होते, एकटे. बायको त्यांच्या मागे दाराशी, हात पुढे करून, पण धरलेलं नाही. मी ओरडणार होतो, तिने डोळ्यांनी थांबवलं.

ते माझ्याकडे चालत आले. सात पावलं. उजवा पाय दर वेळी उचलला गेला, बेताचा, पण रेघ पडली नाही. सातव्या पावलाला त्यांनी काठी सोडली आणि कॅरियरचा पाइप धरला. उंट उंच होता म्हणून पाइप बरोबर त्यांच्या हाताला आला. त्यांनी सगळा भार त्यावर टाकला, आणि गाडी कलायला लागली. आता मला उतरता येत नव्हतं. स्टँड लावायला पाय हलवला असता तर गाडी, मी आणि आबा, तिघंही गेलो असतो. मी ब्रेक दाबला आणि डावा पाय रोवला.

आबांना धाप लागली होती. त्यांनी मान वाकवून आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या.

"मन्हा टेकनात," ते म्हणाले. जड जिभेने, पण प्रत्येक अक्षर कळत होतं. "तुन्हा?"

"एकच, आबा," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

ते हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. बायको धावत आली आणि तिने दुसरीकडून गाडी धरली. पण आबांनी हात काढला नाही, आणि मीही त्यांना काढ म्हणालो नाही. म्हशींच्या धारा काढायची वेळ होईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.